धवलारणीची व्हॅन

नामाची व्हॅन तेल प्यायला लागली ती तुळशीची लग्नं झाल्यावर, म्हणजे नेमकी नको तेव्हा. आधी त्याला वाटलं, कुठेतरी गळत असेल. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, तर सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत. तेल गळत नव्हतं, जळत होतं. मार्गशीर्ष लागला तोवर घरून, नावड्याहून, पनवेलला जाऊन आलं तरी तेल मापायची पट्टी कोरडी यायला लागली. मागून निळा धूर निघे. सिग्नलला थांबलं की मागचे मोटरसायकलवाले तोंडावर रुमाल धरत, आणि पुढे निघताना मुद्दाम काचेतून डोकावत, एवढा धूर करणारा माणूस आहे तरी कोण ते बघायला. नामा सरळ समोर बघत बसायचा.

तळोज्याच्या रज्जाकने प्लग काढून बघितले आणि मान हलवली. रज्जाकचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पण हात साफ. शिवाय दोघांच्या बापांची भातशेती एकाच खाडीच्या काठाला होती, त्यामुळे तो नामाला भलतंसलतं सांगणार नव्हता.

"रिंगा गेल्यात, नामाभाऊ," रज्जाक म्हणाला. "सिलिंडर पन घासलाय. आता वरून तेल ओतून काय फायदा नाय. खोलायचं तर इंजिन पुरतं खोलायचं. नायतर चालते तवर चालवायची, आनि एक दिवस हायवेला टाकून यायची."

खर्च ऐकून नामा म्हणाला, बघू. हे 'बघू' त्याच्या अंगात मुरलेलं होतं. अर्धं आयुष्य त्याने खाऱ्या जमिनीत भात पिकवण्यात घातलं. भरतीचं पाणी बांधातून पाझरायला लागलं की कोणी सगळा बांध उकरत बसत नाही. चिखलाचा गोळा उचलायचा, भोकात कोंबायचा, टाचेने दाबायचा आणि पुढच्या भरतीला पुन्हा बघायला यायचं. जमीन गेली, तिथे कारखाने आले, तरी सवय गेली नाही. आपल्या सीटमागे त्याने तेलाचा डबा ठेवला आणि गाडी चालवत राहिला.

व्हॅन लागायची ती सखूसाठी. सखू त्याची बायको आणि पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण मांडवात बसते. हळद, मांडव, नवरदेवाची आंघोळ, सगळं तिच्या धवल्यांवर, म्हणजे लग्नगाण्यांवर चालतं. देवांना लग्नाचं आवतण तीच देते, आणि देव बोलावून झाले की घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावते. एकेकाचं नाव घेऊन, की या, तुमच्या नातवाला हळद लागते आहे. कुठल्या घरात कोण कोण गेलं हे बाकीच्या धवलारणी बसायच्या आधी घरच्या म्हातारीला विचारून घेतात. सखूने आजवर कधी विचारलं नव्हतं. उरणपासून सानपाड्यापर्यंत कुठलंही घर काढा, त्या घरातले मेलेले तिला पाठ. त्याचा तिला तोरा होता, आणि खरं सांगायचं तर तिच्याहून जास्त नामाला होता. ती मांडवात गात असायची तेव्हा हा व्हॅनला टेकून उभा राहायचा आणि कोणी विचारलं नसलं तरी सांगायचा, अक्षर येत नाही तिला, सगळं डोक्यात आहे.

सानपाड्याला पोशा पाटलाच्या नातवाचं लग्न होतं. सखू आणि मागून ओळ धरणारी तिची चुलत जाऊ चांगुणा, दोघी मागे बसल्या. नामाने निघताना तेल भरलं, नेरूळला पुलाखाली थांबून पुन्हा भरलं. वाटेत सखू नेहमी मनात गाणं चाळत असे, तेव्हा कोणी बोलायचं नाही असा दंडक होता. त्या दिवशी मात्र तीच दोनदा बोलली. आपण कोणाकडे चाललोय, असं विचारलं. चांगुणा हसली. नामाला वाटलं, थट्टा करते आहे.

मांडव गच्च भरला होता. सखू पाटावर बसली, पुढ्यात दिवा, सुपात तांदूळ. आवाज खणखणीत लागला. खाडीचे देव आले, डोंगरावरचे आले, गावदेवी आली. मग तिने पोशाच्या घरातली माणसं घेतली. पोशाचा बाप, पोशाचा चुलता, बुडून मेलेला भाऊ. आणि मग त्याच सुरात तिने पोशालाच हाक मारली. ये रे पोशा, दूरच्या वाटेने ये, तुझ्या नातवाला हळद लागते.

चांगुणाने ओळ धरलीच नाही. ढोलकीवाल्याचा हात थांबला. नव्वदीचा पोशा पाटील समोर पहिल्याच खुर्चीवर बसलेला, पांढरी टोपी, हातात काठी. त्याने कानामागे हात धरला, शेजाऱ्याला विचारलं काय म्हटलं ते, आणि बोळक्या तोंडाने हसून म्हणाला, "मी हाय गो सखू अजून. जेवल्याबिगर नाय जानार."

चारदोन माणसं हसली. बाकीची नाही हसली. पोशाच्या सुनेने पटकन मीठमोहरी आणून म्हाताऱ्यावरून उतरवली. सखूने पुढची ओळ घेतली, तिला काही कळलं नसावं, आणि गाणं पुढे सरकलं. पण मांडवातल्या बायका आता तिच्याकडे न बघता एकमेकींकडे बघत होत्या.

थोड्या वेळाने नवरदेवाचा बाप इंद्रजित बाहेर नामाकडे आला. मोठ्या अदबीने म्हणाला, "काका, गाडी जरा लांब घ्या ना. धुराने पावन्यांना त्रास होतो."

व्हॅन सकाळपासून बंद उभी होती. नामाने ती सुरू केली, तेव्हा कुठे धूर झाला, आणि नाल्यापलीकडे नेऊन लावली. सखूला साडी आणि नारळ दिला गेला, मान राखला गेला, फक्त पुढच्या विधींना थांबा असं कोणी म्हटलं नाही.

परत येताना चांगुणा जुईनगरलाच भाचीकडे उतरली. मागे सखू एकटी. नेरूळचा पूल आला तेव्हा तिने विचारलं, "पोशाची बायको गेली ना? पोशा नाय. नाय का?"

"व्हय," नामा म्हणाला.

"मंग मी बरोबर म्हटलं का?"

आरशात तिचा चेहरा दिसत होता. कपाळावर मांडवातल्या हळदीचं बोट तसंच होतं.

"बरोबर म्हटलं," नामा म्हणाला आणि गाडीचा वेग वाढवला. मागे धुराने रस्ता भरून गेला.

घरी कुंदनला हे आधीच कळलं होतं. कोणीतरी फोनवर सांगितलं असणार; वाईट बातमीला पेट्रोल लागत नाही. कुंदन नामाचा मुलगा, तळोज्याच्या कारखान्यात कामाला, समंजस. त्याचं म्हणणं सरळ होतं. व्हॅनचं पासिंग संपत आलंय, इंजिन संपलंय, भंगारात देऊन टाका. "आनि आयला पन आता कुठे नेऊ नका, बाबा. ती मागच्या आठवड्यात सकाळी गोठ्याकडे जायला निघाली होती. सुचिताने हाताला धरून आनली." गोठा पाडून तिथे भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्याला जमाना झाला होता. ती अशी निघाली होती हे नामाला माहीत नव्हतं. सुनेने, सुचिताने, आठवडाभर ते लपवून ठेवलं होतं.

दत्तजयंती झाली आणि पोशा पाटील गेला. पिकलं पान, कधी ना कधी गळायचंच. पण लोकांच्या जिभेला हाड कुठे असतं? सखूबायने बोलावलं आणि तो गेला, एवढंच सगळीकडे झालं. नामा मयताला जाऊन आला, ओट्याबाहेर उभा राहिला. तिथे कोणी त्याला टाकून बोललं नाही, आणि कोणी बस असंही म्हटलं नाही. घरी आल्यावर सखूने कुठे गेला होतात विचारलं, तर म्हणाला, गाडीचं काम होतं.

पौषात लग्नं नसतात, म्हणून तो महिना कसाबसा झाकून गेला. माघाची आवतणं मात्र ठरलेली होती, आणि ती एकेक करून मोडायला लागली. फोन नामाकडेच यायचे. सगळे गोड बोलायचे. यंदा साधंच करतोय. मुलीकडच्यांनी माइकवर गाणाऱ्या बायका ठरवल्यात. पुढच्या वेळी नक्की. नामा प्रत्येकाला 'बरं' म्हणायचा, आणि फोन ठेवून अंगणात उगाच गाडीची काच पुसत राहायचा.

सखूने विचारलं, माघ लागला, आपण जात का नाही? तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं की गाडी रज्जाककडे द्यायची आहे, इंजिन उघडायचं आहे. बोलून बसला, मग त्याच दिवशी व्हॅन खरंच तळोज्याला घेऊन गेला. खोटं बोलायचं तर निदान अर्धं खरं असावं, असा त्याचा हिशेब. रज्जाकला म्हणाला, खोल इंजिन. रज्जाकने खोललं. मग नामा म्हणाला, थांब जरा, पुढचं सांगतो.

ते पुढचं काही त्याला सांगवेना. नवीन रिंगा टाकाव्या तर त्या कोणासाठी? आणि गाडी भंगारात द्यावी तर आपल्या हाताने सखूला घरी बसवल्यासारखं होतं. गाडी विकली त्या दिवशी ती सगळं समजणार. रज्जाककडे व्हॅन तोंड उघडून पडून राहिली.

मधे कुंदनने आईला नेरूळच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने शंभरातून सात सात कमी करत उलटं मोजायला सांगितलं. सखू म्हणाली, मी सुलटं मोजायला शिकली नाय, उलटं कुठून मोजू. डॉक्टर तरुण होता, तो हसला. पण मग तिला बाहेर बसवून त्याने बापलेकांना सांगितलं की हा आजार पुढेच जाणार, मागे येणार नाही. गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल. जुनं बरंच राहील, नवं राहणार नाही. कोण आता गेलं, कोण आहे, ह्यात घोटाळे होतील. नामाने विचारलं, गायचं? डॉक्टर म्हणाला, घरी खुशाल गाऊ द्या.

ती घरी गायचीही. सकाळी उन्हात पायरीवर बसून, चहाची कपबशी बाजूला ठेवून, बारीक आवाजात. नामा आतून ऐकायचा. देव एकही चुकत नसे. बेटावरचे, डोंगरावरचे, वेशीवरचे, ज्यांच्या वेशीसुद्धा आता उरल्या नाहीत तेही. माणसांपाशी आली की मात्र थांबायची. पुन्हा एकदा देवांपासून सुरुवात करायची, पुन्हा तिथेच येऊन थांबायची. मग हाक मारायची, "अवो, झाली का गाडी?"

रोज तेच. झाली का गाडी. आणि रोज नामा म्हणायचा, होतेय.

शेवटी रज्जाकचाच फोन आला. चिडला नव्हता, पण वैतागला होता. "नामाभाऊ, रोज ह्या सांगाड्यावरून उडी मारून मी आत जातो. बांधायचं का भंगारला द्यायचं, एक काय ते सांगा."

त्या सकाळी नामाने ठरवलं, बांधायचं. कुंदन काहीही म्हणो. बायकोचं डोकं काही आपल्याला दुरुस्त करता येत नाही. गाडी तर करता येते. एखादं आवतण आलंच तर जाऊ, नाही आलं तर नुसतंच तिला मागे बसवून खाडीपर्यंत फिरवून आणू. ती मनात आपलं गाणं चाळत बसेल. हे ठरवल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने दाढी केली. निघताना सखू म्हणाली, मी पण येते. तो नको म्हणाला, तर तिने चपला घातलेल्याच होत्या. दोघं बसने तळोज्याला गेली.

शेडमध्ये प्लास्टिकच्या कागदावर इंजिनाचे भाग रॉकेलने धुऊन मांडून ठेवले होते. सखू पदर खोचून त्यांच्यासमोर उकिडवी बसली. तिने एक पिस्टन उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला.

"ही काय?"

रज्जाकने समजावलं, की ह्याच्यावर रिंगा असतात, त्या झिजल्या म्हणून तेल वर जाऊन जळतं आणि धूर होतो.

"नवीन मिलतात?"

"मिलतात ना, वैनी. नवीन टाकल्या की धूर बंद. गाडी एकदम बरी होनार."

सखूने पिस्टन जिथून उचलला होता तिथेच नीट ठेवला. हाताला लागलेलं तेल कागदाच्या कडेला पुसलं. "मंग नका टाकू," ती म्हणाली.

नामाला वाटलं, पुन्हा काहीतरी घोटाळा झाला. तो तिला सांगायला लागला, अगं, आपली गाडी, लग्नाला जायची. तिने त्याला बोलू दिलं, आणि मग उठून त्याच्याजवळ आली.

"गाडी बरी झाली," ती म्हणाली, "तर मी घरी का बसली, ते लोकांना काय सांगशाल?"



"पोशा गेला, ते माना ठाव हाय. माज्या हाकेवर गेला बोलतात, ते पन ठाव हाय. लगनसराईत फोनवर तुमी नुसते 'बरं, बरं' बोलता, ते माना कलत नाय व्हय? इसरते ती मी. आंधली नाय."

"सखू, डॉक्टर बोल्ला की..."

"त्या दिवशी गाडीत तुमी माना 'बरोबर म्हटलं' बोलले. बरं केलं. खरं ऐकवलं नसतं माना." तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ संपलं सांगावं तसा. "आता एवढंच करा. गाडी बिघडली म्हनून सखूबाय येत नाय, हे राहू द्या लोकांच्या तोंडी. गाडीला कसली लाज?"

रज्जाक तोंड फिरवून नटबोल्टचे पाने पुसत उभा होता. नामाने उघड्या इंजिनाकडे बघितलं. बांधाला चिखल लावून लावून तो इथपर्यंत आला होता. आता कुठे अख्खा बांध नवा घालायला निघाला, तर तिने त्याचा हात धरला होता.

"नको बांधू, रज्जाक," तो म्हणाला. "गोनीत भरून ठेव."

चहा घेऊन जा, एवढंच रज्जाक म्हणाला. चहा पिऊन दोघं बाहेर स्टॉपवर येऊन उभी राहिली. कारखान्यांचे टँकर जात होते, धूळ उडत होती. सखूने नामाच्या शर्टाच्या बाहीला धरलं होतं. बस आली नाही. एक मोठी पांढरी गाडी पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. नावड्याच्याच भोईर आळीतली शर्मिला होती, गाडी तिचा मुलगा शौनक चालवत होता. शर्मिलाच्या स्वतःच्या लग्नात सखूच धवलारीण होती. आता तिच्या मुलीचं, सोनलचं लग्न फाल्गुनात ठरलं होतं, आणि मागच्या सीटवर पत्रिकांचे गठ्ठे होते.

"काकी, ह्या उन्हात? बसा, बसा. घरी सोडते."

दोघं बसली. गाडीत गार हवा होती. शर्मिलाने वळून विचारलं, तुमची व्हॅन कुठे? नामाकडे खोटं तयार होतं, पण तोंडातून निघेना. सखूच म्हणाली, "बिघडली गो. तेल जालते. म्हनून कुठे जायला मिलत नाय माना."

"अगं बाई, मग काय झालं?" शर्मिला पटकन म्हणाली. "गाड्या हायत की आपल्या दारात. सोनलच्या लग्नाला शौनकला धाडते तुमाला घ्यायला."

वेड्यासारखं नामाला वाटलं, बोलावलं, कोणीतरी बोलावलं. शर्मिला गठ्ठ्यातली एक पत्रिका काढून तिच्यावर डबीतल्या हळदीचं बोट लावत होती.

"लग्नाच्या दिवशी दुपारी येल तो," ती म्हणाली. "हळदीची दगदग नको तुमाला आता. आरामात या, दोघं पन. जेवायला या."

पत्रिका सखूच्या मांडीवर आली. शर्मिलाचं बोलणं मनापासून होतं, त्यात खोट नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं. सखूने पत्रिकेवरचं हळदीचं बोट बघितलं.

"धवलं कोन म्हननार?" तिने विचारलं.

शर्मिलाने हळदीचं बोट रुमालाला पुसलं. "नेरूळच्या बायका हायत. माइकवर गातात."

"गातात ना, बरं हाय." सखूने पत्रिका पदराखाली ठेवली. "त्यांना सांग, पाटावर बसायच्या आधी घरात विचारून घ्या म्हनावं. कोन गेलंय, कोन हाय. विचारल्याबिगर कोनाचं नाव घेव नका."

नावड्याचा फाटा आला, शौनकने गाडी आत घेतली आणि थेट दारात लावली. उतरताना शर्मिलाने पुन्हा सांगितलं, या हां काकी, नक्की.

"येन," सखू म्हणाली. "जेवायला येन."

सुचिताने दार उघडलं. सखू आत गेली. नामा अंगणातच राहिला, जिथे व्हॅन उभी असायची तिथे. एवढ्या वर्षांत सखूने कितीतरी मांडवांत पाऊल टाकलं, पण नुसतं जेवायला म्हणून ती कोणाच्या दारी गेली नव्हती. इतके दिवस अडलेलं रडू त्याला तेव्हा आलं, आणि त्याने ते येऊ दिलं.